तीस हात उंचीवरचा कारखाना

बिअरचा जुना कारखाना पाहायला गेलं, की सफर साधारण एकाच क्रमाने होते. आधी जव भिजवून मोड आणायचं दालन, मग मोडाचे दाणे भरडून गरम पाण्यात ठेवायचे हंडे, मग उकळण्याची भलीमोठी कढई आणि शेवटी यीस्ट घालून आंबवायची पिंपं. रत्नागिरीत हेच काम पाहायचं तर मान वर करावी लागते. इथे ते माडाच्या शेंड्यावर चालतं, आणि चार दालनांपैकी तीन तर माडाला लागतच नाहीत.

ती का लागत नाहीत? जवाच्या दाण्यात साखर फारशी नसते. असतं ते पिष्ट. बिअरच्या यीस्टला पिष्ट पचत नाही. दाण्याला मोड आला की त्यात विकरं तयार होतात आणि ती पिष्ट तोडून साखर करतात. एवढ्यासाठी सगळी भिजवाभिजव. माडाच्या पानांत मात्र उन्हावर साखर तयार होते आणि ती रसवाहिन्यांतून थेट पोयीकडे निघते. पोय म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा. बहरातल्या माडाला साधारण महिन्याला एक नवी पोय येते. ती उमलली तर तिला नारळ धरतात. त्या नारळांसाठी निघालेली साखर वाटेतच मडक्यात उतरवायची, म्हणजे माडी काढायची.

हे वाटतं तितकं सोपं नाही. पोय नुसती कापली तर झाड जखम बुजवून टाकतं आणि रस थांबतो. म्हणून माडी काढणारा आधी पोय दोरीने आवळून बांधतो, म्हणजे ती उमलत नाही. मग कित्येक दिवस तिला हलक्या हाताने ठोकतो, हळूहळू वाकवतो आणि टोकाचा पातळ काप काढत राहतो. मार जोराचा बसला तर पोय फुकट जाते. कमी पडला तर रस सुटत नाही. एकदा धार लागली की रोज दोन-तीनदा नवा काप द्यायचा, कारण बुजू पाहणाऱ्या वाहिन्या उघड्या ठेवायच्या असतात. त्यासाठी खोडाच्या खाचांत पाय रोवून रोज सकाळ-संध्याकाळ वर चढायचं. कोकणातल्या भंडारी समाजात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

मडक्यात पडणारा ताजा रस नितळ आणि गोड असतो. लिटरमागे साधारण दीडशे ग्रॅम साखर, तीही बहुतेक आपल्या चहातल्याच जातीची. आणि इथून खरी नवलाई सुरू होते: या रसात यीस्ट कोणीही घालत नाही. ते हवेतून येतं, गोडव्याला भुललेल्या माश्या आणि गांधीलमाश्यांच्या पायांवरून येतं, आणि सर्वांत जास्त कालच्या मडक्याच्या तळाशी उरलेल्या साक्यातून येतं.

आलेले सूक्ष्मजीव जणू पाळ्या लावून काम करतात. पहिली पाळी लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंची. त्यांच्यामुळे रस किंचित आंबट होतो आणि दुधासारखा पांढुरका दिसू लागतो. मग यीस्टचा जोर वाढतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे साखरेचं जवळजवळ निम्मं वजन हवेत उडून जातं. माडीची फसफस ती हीच. दिवसभरात अल्कोहोल चार-सहा टक्क्यांवर पोचतं, म्हणजे बिअरच्या आसपास. तिसरी पाळी हवेवर जगणाऱ्या जिवाणूंची: ते अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात आणि माडीचा शिरका होतो.

त्यामुळे एकाच रसातून काय काढायचं ते कुठल्या घटकेला थांबायचं यावर ठरतं. मडक्याला आतून चुना लावला तर सूक्ष्मजीवांचा जोर ओसरतो आणि रस गोड राहतो, ती नीरा. नीरा आटवली की माडाचा गूळ. काही तास जाऊ दिले की माडी. माडी गाळली की माडाची फेणी. माडीच्या जिवंत यीस्टवर गोव्यात पाव फुगवत आले, वसईकडे फुगे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन माडाच्या रसाचे हे अवतार पाहून चकित झाला आणि १५९६च्या आपल्या ग्रंथात त्याने त्यांचं वर्णन केलं.

सरकारला मात्र या घटका मोजणं कायम जड गेलं. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याच्या काळात रस काढायच्या झाडागणिक कर बसला. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर नीरा आणि माडी यांत रेघ ओढावी लागली. कागदावर ती रेघ ठळक आहे. मडक्यात ती चुन्याच्या एका हातावर आणि उन्हाच्या दोन तासांवर अवलंबून असते.

नियमाच्या नजरेतून असं काही निसटणं युरोपातही घडलं. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली बिअरचा प्रसिद्ध नियम झाला. त्यात जव, हॉप आणि पाणी एवढेच घटक सांगितले. यीस्टचा उल्लेखच नाही. पाश्चरने आंबण्यामागचे सजीव दाखवले ते १८५०च्या दशकात, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं ते १८८३ साली. तोपर्यंत जगभरचे बिअर करणारे आणि कोकणातले माडी काढणारे एकाच पंक्तीत होते: कोण काम करतंय ते दिसत नव्हतं, पण त्याला कधी जुंपायचं आणि कधी थांबवायचं हे जिभेला आणि नाकाला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा कुठल्याही मद्याच्या कारखान्याच्या सफरीला गेलात, तर चकचकीत पिंपांकडे बघून झाल्यावर वाटाड्याला एवढंच विचारा: तुमचं यीस्ट कुठून येतं? पुष्कळ ठिकाणी उत्तर प्रयोगशाळेचं नाव असेल. माडी काढणारा कालचं मडकं दाखवेल.