मोडलेल्या हाताचे बिल कोण भरणार?

लहान मुलाला मारहाण झाली की आपल्याकडे चर्चा होते ती शिस्तीची, संस्काराची, फार तर कायद्याची. त्या मारहाणीचा खर्च किती आणि तो कोणाच्या खिशातून जातो, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही ते आज विचारतो आहोत. कारण ज्याला आपण 'घरचा मामला' किंवा 'गुरुजींचा अधिकार' म्हणतो, त्याचे बिल शेवटी साऱ्या समाजाला चुकते करावे लागते.

अमेरिकेने हा हिशेब मांडला आहे. तेथील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बालकांवरील अत्याचार व हेळसांडीची २००८ या एकाच वर्षातील नवी प्रकरणे घेतली, तर त्यांचा आयुष्यभराचा खर्च त्यात १२४ अब्ज डॉलर निघाला. २०१५ सालासाठी असाच हिशेब झाला, तेव्हा सिद्ध झालेल्या प्रकरणांचाच आकडा ४२८ अब्ज डॉलरवर गेला.

पहिल्या अभ्यासातील एक तपशील डोळे उघडणारा आहे. जिवंत राहिलेल्या प्रत्येक बालकामागे सुमारे २ लाख १० हजार डॉलर खर्च धरला गेला. त्यात बालपणीच्या औषधोपचाराचे सुमारे साडेबत्तीस हजार. पण बुडालेल्या कमाईचे तब्बल १ लाख ४४ हजार! म्हणजे मोठा घाव दवाखान्यात दिसतच नाही. तो पुढे सुटलेल्या शाळेत आणि हातून गेलेल्या रोजगारात दिसतो.

आता आपल्याकडे पाहू. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे त्यात आढळले. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी तेथे मार खाल्ला होता. अशा मुलाचा हात मोडला की एक्स-रे, प्लास्टर, एसटीचे भाडे आणि आईबापाची बुडालेली रोजंदारी हे सारे त्या झोपडीवर येऊन पडते. उसनवारी होते आणि बरा झालेला मुलगा शाळेऐवजी कामावर जातो.

राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात २०२२ साली नऊ वर्षांचा एक दलित मुलगा शिक्षकाच्या मारहाणीनंतर दगावला. माठातले पाणी प्यायल्यामुळे त्याला मारले, असा कुटुंबाचा आरोप होता. मार बसला २० जुलैला, मृत्यू झाला १३ ऑगस्टला, अहमदाबादेत. मधले तीन आठवडे बाप लेकराला घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत होता. सरकारी मदत जाहीर झाली ती लेकरू गेल्यावर! ती आधी का मिळू नये?

कायदे आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी केली. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली मुलाचा ताबा असलेल्याने क्रौर्य केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ॲसिड हल्ला, बलात्कार आणि पोक्सोखालील काही गुन्ह्यांतील पीडितांवर सरकारी व खासगी सर्व रुग्णालयांनी तातडीने मोफत उपचार केले पाहिजेत, असेही कायदा सांगतो. ही तरतूद योग्यच आहे. पण काठीने ज्याचे हाड मोडले ते लेकरू या यादीत नाही. ते का नाही, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी लोककल्याण हे मुख्यतः सरकारचे काम असल्याचे सांगितले होते आणि हा भार बहुतांशी सरकारने उचलावा, असे मत मांडले होते. आईसाठी जो न्याय त्यांनी मागितला, तोच तिच्या लेकरालाही लागू होतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मारहाणीत जखमी झालेल्या प्रत्येक बालकाचा उपचार, पुनर्वसन आणि शिक्षण यांचा खर्च शासनाने आधी उचलावा; मग तो मारणाऱ्याकडून वसूल करावा. आज हा पैसा वाचवला असे ज्यांना वाटते, त्यांनी उद्याच्या बुडालेल्या पिढीचा हिशेबही मांडून दाखवावा.