तळपायांची आग आणि मराठवाड्याचा उन्हाळा

चैत्र लागला की नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत दुपारचे रस्ते ओस पडू लागतात. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. निरोगी माणूस हा काळ कसाबसा काढतो. परंतु आपल्या धर्मग्रामांतील अनेक आजारी व वयोवृद्ध बंधुभगिनींच्या तळपायांत बारा महिने आग पेटलेली असते. पायाखाली निखारे ठेवले आहेत असे त्यांना वाटते. रात्री चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पाय धडधाकट दिसतात, त्यामुळे ‘अंगात उष्णता झाली आहे’ एवढे एकच निदान घरोघरी केले जाते आणि त्या एका शब्दाच्या आधारावर वर्षेच्या वर्षे निघून जातात. अशा व्यक्तींनी या तापलेल्या मुलखात गारवा कसा मिळवावा आणि कोणता गारवा टाळावा, याविषयी काही माहिती वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम ही आग म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत पायात उष्णता नसतेच. पायाकडून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या बारीक नसा दुखावलेल्या असतात आणि त्या खोटा निरोप देतात. दीर्घकाळचा मधुमेह हे याचे सर्वांत परिचित कारण आहे. त्याखेरीज ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, दारूचे व्यसन, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचे विकार, कुष्ठरोग, तसेच काही औषधे यांमुळेही नसा बिघडतात. मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ‘ब-१२’ कमी होऊ शकते, ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरा प्रकार दुर्मीळ आहे. त्यात पाय खरोखरच तापतात, लालबुंद होतात आणि सुजल्यासारखे दिसतात. चालण्याने, उष्म्याने किंवा पाय खाली सोडून बसल्याने झटका येतो आणि गारव्याने उतरतो. अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७८ मध्ये या विकाराला एरिथ्रोमेलाल्जिया हे नाव दिले. ‘लाल’, ‘अवयव’ आणि ‘वेदना’ या अर्थांच्या तीन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. काही कुटुंबांत हा विकार पिढीजात असतो आणि त्यामागील जनुकीय दोष २००४ मध्ये उघडकीस आला. काहींच्या बाबतीत तो रक्तपेशी प्रमाणाबाहेर वाढण्याच्या आजाराची पहिली खूण असतो. म्हणून रक्ताची साधी तपासणी अवश्य करावी.

हे दोन प्रकार ओळखण्याची एक सोपी रीत आहे. आग होत असताना घरातील दुसऱ्या व्यक्तीने आपल्या हाताची मागची बाजू रुग्णाच्या पावलावर ठेवून पाहावी. पाय लाल व गरम लागला तर डॉक्टरांना तसे मुद्दाम सांगावे. पाय नेहमीसारखा किंवा थंड लागत असेल, तर दोष बहुधा नसांचा आहे. हे काही अंतिम निदान नव्हे, परंतु डॉक्टरांना त्यामुळे दिशा मिळते.

ही वेदना नवी नाही. मध्ययुगीन युरोपात हातापायांची असह्य आग होऊन ते काळे पडण्याचा रोग वारंवार पसरत असे. लोक त्याला ‘संत अंतोनींची आग’ म्हणत. येथे इजिप्तच्या वाळवंटातील मठाधिपती संत अंतोनी अभिप्रेत आहेत, पदुआचे नव्हेत. त्यांच्या नावाने अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सेवाभावी बंधूंचा संघ स्थापन झाला आणि त्यांच्या रुग्णालयांत या रुग्णांची शुश्रूषा होऊ लागली. पुढे कळले की रोगाचे मूळ राय या धान्याच्या कणसांवर वाढणाऱ्या अरगट बुरशीत होते. बाजरी पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना अरगट हा शब्द अपरिचित नाही, मात्र बाजरीवरील बुरशी वेगळी असते. बंधूंच्या रुग्णालयात चांगली भाकर मिळाल्यामुळेही कित्येकांना उतार पडला असावा, असे मानले जाते. आपल्या देशात डॉ. सी. गोपालन यांनी १९४६ मध्ये तळपायांच्या आगीवर लेख लिहून तिचा संबंध कुपोषणाशी आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांच्या अभावाशी जोडला. दुसऱ्या महायुद्धात जपानी छावण्यांमध्ये उपाशी राहिलेल्या युद्धकैद्यांनाही हीच व्यथा जडली होती आणि ते रात्री पाय गार पाण्यात बुडवून बसत.

त्या कैद्यांजवळ दुसरा उपाय नव्हता. आपल्याकडे मात्र आजही असंख्य घरांत तेच चालते, किंबहुना फ्रीज आल्यापासून त्यात बर्फाची भर पडली आहे. आमचे स्पष्ट मत आहे की या आजारात आगीपेक्षा बर्फाची बादली अधिक घातक ठरते. बर्फाने घटकाभर बरे वाटते. पाय बाहेर काढला की आकसलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा फुलतात आणि आग दुप्पट जोराने परतते. मग रुग्ण पुन्हा पाय बुडवतो. तासन्‌तास भिजलेली कातडी पांढरी, भुसभुशीत होते, बोटांच्या बेचक्यांत चिरते आणि त्या चिरेतून जंतू आत शिरतात. ज्याच्या नसा बिघडल्या आहेत त्याची अवस्था आणखी बिकट असते. त्याच पायाला एकीकडे आग जाणवते आणि दुसरीकडे खरा चटका, टाचणी किंवा बर्फाचा दाह मुळीच जाणवत नाही. जखम होते ती कळत नाही, चिघळते तीही कळत नाही, आणि अखेरीस बोट किंवा पाऊल काढण्याचा प्रसंग येतो. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाने पाय भिजत ठेवूच नयेत. साध्या पाण्याने धुवावेत, बोटांमधील जागा कोरडी करावी आणि रोज उजेडात तळवा पाहावा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावे.

तर मग गारवा आणावा कोठून? पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, हे माठाचे तत्त्व आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. आम्ही थोडा हिशेब केला. पाव लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढीच पंधरा लिटरची बादली दहा अंशांनी तापवायला लागते. ओल्या कापडातील पाणी काही उष्णता हवेतूनही घेते, हे खरे. तरीही तांब्याभर पाणी आणि एक पातळ सुती पंचा यांनी बादलीचे काम होऊ शकते, हा मुद्दा उरतोच. मराठवाड्यात उन्हाळ्याची दुपार कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पहिल्यांदा पाणी आणावे लागले, ते दिवस लातूरकर विसरलेले नाहीत. त्या पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. अशा वेळी आजारी आईच्या पायांसाठी दिवसातून चार बादल्या कोठून आणाव्यात? पंचाची रीत तेथेही चालते.

पंचा साध्या पाण्यात बुडवून चांगला पिळावा, पावलांवर व पोटऱ्यांवर सैल पांघरावा आणि बाजूने पंखा लावावा. दहा-पंधरा मिनिटांनी काढून पाय पुसावेत आणि कातडीला काही वेळ कोरडी राहू द्यावे. कोरड्या पंख्याविषयी मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हवा अंगापेक्षा अधिक तापलेली असेल तर पंखा भट्टीतील वारा अंगावर आणतो. ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. भर दुपारी पंख्यासमोर पाय ठेवून आग वाढल्याची तक्रार रुग्ण करतात, ती म्हणूनच खोटी नसते. कूलरचे तत्त्वही पंचाचेच, परंतु अनेक जण गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतात. दमट हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोलीत नुसता घामट उबारा साचतो. पावसाळा लागला की कूलरचा उपयोग संपत जातो. वाळ्याचे पडदे परवडत नसतील तर वाऱ्याच्या दिशेच्या खिडकीला ओले गोणपाट बांधावे.

घराविषयी बोलताना एक दुखरी आठवण टाळता येत नाही. जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचा थर दिलेली आपली माळवदाची घरे उन्हाळ्यात गार राहत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात त्याच दगडमातीखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर लोकांनी माळवदाचा धसका घेतला आणि पत्रे व स्लॅब आले. तो धसका रास्त होता. परंतु पत्र्याखाली दुपार काढणाऱ्या रुग्णाला त्याची किंमत दररोज मोजावी लागते. यावर थोडे करता येते. मार्चमध्येच स्लॅबवर किंवा पत्र्यावर चुन्याचा पांढरा थर द्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो. अंगणात तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा मांडव घालून दुपारी बाज तेथे टाकावी, चुलीपासून मात्र दूर. सुतळीने विणलेल्या बाजेला खालूनही वारा लागतो, गादी तर उष्णता धरून ठेवते. रात्री पायथ्याशी उलटी दुरडी ठेवून चादर तिच्यावरून घेतली तर पायाला कापडाचा स्पर्श होत नाही. पाय लाल होऊन तापणाऱ्यांनी ते उशीवर उंच ठेवावेत. ज्यांच्या पोटऱ्या चालताना दुखतात आणि पाय थंड पडतात त्यांनी मात्र तसे करू नये, कारण त्यांच्या पायाला रक्तच कमी पोचत असते.

काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळण्याची रूढी आमच्याही घरात आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडले की स्पर्शाचे निरोप वेदनेच्या निरोपांची वाट अडवू शकतात. हळुवार चोळण्याने बरे वाटते ते कदाचित त्यामुळे. भेगा किंवा जखम असेल, अथवा पाय तापून लाल झाला असेल, तर मात्र वाटी बाजूला ठेवावी. मेंदीने हरकत नाही, पण ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते त्यातील रसायनाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. पुदिन्याच्या सत्त्वाचा बाम पाय गार करीत नाही, फक्त थंडीची जाणीव करून देणाऱ्या नसांना फसवतो.

‘उष्णता’ या शब्दाचा सर्वांत मोठा तोटा खाण्यापिण्यात होतो. आग कमी व्हावी म्हणून रसवंतीवर जाऊन उसाचा रस, घरी गुलकंद आणि साखरेचे सरबत घेतले जाते. मधुमेहाच्या रुग्णाची साखर त्याने वाढते आणि जी नस जळत आहे तिचेच अधिक नुकसान होते. त्यांनी पातळ ताक, गूळ-साखर न घातलेले कैरीचे पन्हे आणि माठातील पाणी घ्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाणी व मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

आपल्या उपासनेशी संबंधित एक गोष्ट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. उत्तम शुक्रवार मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि क्रुसाची वाट पुष्कळ ठिकाणी उघड्यावर, अनवाणी केली जाते. बधिर पायाला तापलेल्या डांबराचा किंवा सिमेंटचा चटका कळत नाही. फोड संध्याकाळी दिसतो. अशा भाविकांनी पायताण घालूनच चालावे, आणि आयोजकांनी वेळ सकाळची ठेवून मार्गावर सावलीची व बसण्याची सोय करावी. आजारी व्यक्तींवर ख्रिस्तसभेने उपवासाचे बंधन घातलेले नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी राहिल्यास साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

गारव्याने दिवस निघतो, नस बरी होत नाही. त्यासाठी कारण शोधावे लागते. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. साखर, ‘ब-१२’, थायरॉइड व रक्तपेशींची तपासणी करून घ्यावी. त्वचेवर बधिर चट्टा असल्यास तोही दाखवावा. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रात मोफत मिळतो आणि वेळेवर घेतल्यास नसा वाचतात. वेदनेसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांसारखी औषधे दिली जातात. ती शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नयेत आणि मनाने एकदम बंदही करू नयेत. त्यांपैकी काही औषधे मुळात नैराश्यासाठीची आहेत; चिठ्ठीवर ते वाचून ‘मला वेडा ठरवले’ असा समज करून घेऊन गोळ्या टाकून देणारेही असतात. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर आग केव्हा होते, एका पायाला की दोन्ही पायांना, आणि त्या वेळी पाय लाल व गरम लागतो का, हे वहीत लिहून ठेवावे. बोट काळे-निळे पडले, जखमेतून घाण वास आला, अथवा पाय सुजून ताप आला, तर वहीची आणि सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.