आवाज फुटतो तेव्हा

'झी मराठी'वरील 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'च्या २००८-०९च्या पर्वाने कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत ही पाच नावे घराघरांत पोहोचवली. विरहाची किंवा वैराग्याची रचना ही 'पंचरत्ने' ज्या समजुतीने गात, तिचे मोठ्यांना फार नवल वाटे. हे नवल थोडे फसवेच. मूल अर्थ अनुभवून गात नाही. चाल, ठहराव, हरकत ते कानाने अचूक टिपते. त्यातली परिपक्वता बरीचशी ऐकणाऱ्याच्या मनातली असते.

पार्श्वगायनात वय पडद्याआड राहते. आशा भोसले यांनी १९४३ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, 'माझं बाळ' या चित्रपटासाठी गायन केले आणि १९९५च्या 'रंगीला'त साठी ओलांडल्यावर तरुण नायिकेला आवाज दिला. लता मंगेशकर 'वीर-झारा'साठी गायल्या त्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत मात्र गायकाचे कोवळे वय हेच मुख्य आकर्षण ठरते, आणि ते तर टिकणारे नसते.

पौगंडावस्थेत मुलाचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींच्या बाबतीत हा बदल पुष्कळच सौम्य. या काळात जुन्याच पट्टीत ताणून गाण्याचा हट्ट आवाजाला इजा करू शकतो. पट्टी उतरवणे, प्रसंगी कार्यक्रम नाकारणे हाच शहाणपणा; पण नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या मुलाच्या घरी तो सुचणे कठीण. ही पाचही मुले त्या वळणातून पार झाली आणि २०२१च्या पर्वात परीक्षकांच्या आसनावर बसली. प्रत्येक पर्वातील मुलांची वाटचाल अशी सुखरूप होतेच असे नाही.

मनोरंजन क्षेत्रातील बालकलाकारांसाठी बालकामगार कायद्याखालील नियमांत २०१७ साली तरतुदी झाल्या. चित्रीकरण जिथे होते त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अंधेरी किंवा मुलुंडमध्ये चित्रीकरण असेल, तर मुंबई उपनगर जिल्ह्याची. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक नाही. उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. घरचा रियाज आणि पालकांच्या अपेक्षा अर्थातच या तासांत मोजल्या जात नाहीत.

शिवाय हे नियम चौदा वर्षांखालील मुलांपुरतेच आहेत. मुलग्यांचा आवाज बहुधा बारा ते पंधरा या वयात फुटतो. म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत गळा सर्वांत नाजूक असतानाच पाच तासांची ही मर्यादा गळून पडते.