दीर्घकाळ ठेवावयाच्या बॅटऱ्यांची निगा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप लागते, ते शाळा पुन्हा भरेपर्यंत निघत नाही. कपाटातील भिंगे, चुंबके, परीक्षानळ्या सुट्टीपूर्वी जशा ठेवल्या तशाच नंतर सापडतात. परंतु अलीकडे या कपाटात एक नवी वस्तू येऊन बसली आहे, आणि तिला हा नियम लागू पडत नाही. ती वस्तू म्हणजे लहान विमाने, ड्रोन व यंत्रमानवाच्या प्रतिकृती चालविणारी, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी लिथियम बॅटरी होय.

पूर्वी केवळ हौशी मंडळींजवळ आढळणारी ही बॅटरी आता खेडोपाडी पोचली आहे. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांचा उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा पाच वर्षांत शासकीय शाळांतून स्थापन करण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेने फवारणीचे ड्रोन महिला स्वयंसाहाय्य गटांच्या हाती दिले. या सर्व साधनांचा वापर हंगामी असतो. सुट्टीत शाळेचे ड्रोन थांबतात, पावसाळ्यात हौशी विमाने जमिनीवर राहतात, फवारणी संपली की गटाची बॅटरी कोपऱ्यात जाते. या विसाव्याच्या काळात बॅटरी कशी ठेवावी, याची माहिती संबंधितांना असणे अगत्याचे आहे.

तीन जाती, तीन नियम

'बॅटरी नेहमी भरून ठेवावी' हा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. तो चुकीचा नाही. मात्र तो शिशाच्या बॅटरीपुरता खरा आहे. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शोधलेली ही बॅटरी आजही ट्रॅक्टर व इन्व्हर्टरमध्ये दिसते. ती रिकामी राहिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व ती पुन्हा पुरती भरत नाही. म्हणून ती भरूनच ठेवावी लागते.

खेळण्यांत व भिंतीवरील घड्याळांत बसणारे चार्ज होणारे पेन्सिल सेल बहुधा निकेल मेटल हायड्राइड जातीचे असतात. ते आपोआप हळूहळू रिकामे होतात. ते चार्ज करून ठेवावेत आणि काही महिन्यांनी एकदा वापरून पुन्हा चार्ज करावेत.

लिथियम आयन बॅटरी प्रथम १९९१ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हौशी साधनांतील मऊ वेष्टनाची लिथियम पॉलिमर बॅटरी ही तिचीच बहीण. तिचा नियम वेगळा आहे: दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास ती पूर्ण भरलेली नसावी आणि पूर्ण रिकामीही नसावी. ती सुमारे निम्मी भरलेली असावी.

निम्मीच का?

या बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरला असता त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो. या अवस्थेत सेलमधील रसायने अधिक क्रियाशील असतात. बॅटरी वापरात नसली तरी आतील द्रावणाचे सावकाश विघटन होत राहते; त्यातून वायू तयार होऊन बॅटरी फुगू शकते. उष्णता ही क्रिया अधिक वेगाने घडविते. लिथियम आयन बॅटरीविषयी नेहमी दिले जाणारे आकडे बोलके आहेत. २५ अंश सेल्सिअस तापमानात पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी वर्षभरात आपल्या क्षमतेचा सुमारे पाचवा हिस्सा कायमचा गमावते. ४० टक्के भरून ठेवलेली बॅटरी सुमारे ४ टक्केच गमावते. तापमान ४० अंश असेल, तर पहिलीची हानी सुमारे ३५ टक्क्यांवर व दुसरीची १५ टक्क्यांवर जाते.

उलटपक्षी रिकामी ठेवलेली बॅटरी आपोआप आणखी खाली उतरते. सेलचा दाब ३ व्होल्टच्या बराच खाली गेल्यास आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको तेथे साचते आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका निर्माण होतो.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. तीन सेलची, २२०० मिलिअँपिअर-तासांची एक सामान्य हौशी बॅटरी पूर्ण भरली असता सुमारे २४ वॅट-तास ऊर्जा साठविते. बिघाड झाल्यास ही ऊर्जा अल्पावधीत उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. बॅटरी निम्मी असेल तर धोका नाहीसा होत नाही, पण कमी होतो. याच कारणास्तव सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या विमानाने मालवाहतुकीस पाठविताना त्या ३० टक्क्यांहून अधिक भरलेल्या नसाव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला.

ठेवण्याची रीत

ठेवणीसाठी प्रत्येक सेलचा दाब ३.८० ते ३.८५ व्होल्ट असावा. तीन सेलच्या बॅटरीत ही बेरीज सुमारे ११.४ ते ११.५५ व्होल्ट होते. मात्र केवळ बेरजेवर विसंबू नये. दोन सेल ३.९ व एक ३.६ व्होल्टचा असला तरी बेरीज ११.४ च येते आणि दुबळा सेल लपून राहतो. यास्तव सेल तपासणीचे लहान यंत्र पांढऱ्या छोट्या जोडणीस लावून प्रत्येक सेल स्वतंत्रपणे पाहावा. बऱ्याच चार्जरमध्ये 'स्टोरेज' नावाची सोय असते. ती निवडल्यास चार्जर बॅटरी स्वतःच योग्य पातळीवर आणतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे व्होल्ट निराळे असतात, म्हणून वेष्टनावरील सूचना आधी वाचाव्यात.

बॅटरी साधनातून काढून वेगळी ठेवावी. बटण बंद असले तरी काही साधने थोडी वीज घेत राहतात आणि दोन-तीन महिन्यांत बॅटरी पार उतरते. टोकांना प्लॅस्टिकची टोपी किंवा चिकटपट्टी लावावी, जेणेकरून खिळा, किल्ली वा दुसऱ्या बॅटरीची तार तेथे टेकणार नाही.

जागा थंड व कोरडी असावी. १५ ते २५ अंश तापमान उत्तम. मे महिन्यात ग्वाल्हेर वा हैदराबादसारख्या ठिकाणी पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा हे साधणे कठीण. तरीही तळमजल्यावरील आतली खोली पत्र्याखालच्या माळ्यापेक्षा कितीतरी बरी. उन्हात उभ्या मोटारीत बॅटरी कधीही ठेवू नये. किनारपट्टीवरील दमट हवेत जोडण्यांना गंज चढतो, म्हणून ओलावा शोषणारी पुडी जवळ ठेवावी. घरातील फ्रिजचा उपाय मात्र टाळावा. बाहेर काढताच बॅटरीवर दव धरते.

बॅटऱ्या लाकडी कपाटात, वह्या-पुस्तकांजवळ किंवा रॉकेलच्या शेजारी ठेवू नयेत. जाड मातीची कुंडी किंवा पत्र्याची पेटी बरी. पेटीला हवाबंद झाकण नसावे. आत वायू कोंडला तर ती फुटू शकते. धातूच्या पेटीत आतून विटेचा वा सिमेंटच्या फरशीचा थर द्यावा. बाजारात अग्निरोधक पिशव्या मिळतात. त्या उपयुक्त असल्या तरी त्यांवरच सारी भिस्त ठेवू नये. पेटी जाण्यायेण्याच्या वाटेवर, विशेषतः खोलीच्या एकमेव दाराजवळ ठेवू नये.

महिन्याची तपासणी

ठेवलेल्या बॅटरीकडे महिन्यातून एकदा पाहावे. ती फुगली आहे काय, उग्र वा गोडसर वास येतो काय, प्रत्येक सेलचा दाब किती, हे तपासून तारखेसह नोंदवावे. दाब ३.७ व्होल्टच्या खाली गेला असेल, तर तो पुन्हा ठेवणीच्या पातळीवर आणावा. शाळेत हे काम एका शिक्षकाच्या नावे असावे. सुट्टीत वा बदलीच्या वेळी ते कोणाकडे जाईल, हेही आधी ठरलेले असावे. वापर पुन्हा सुरू करताना पहिले चार्जिंग मंद गतीने, फरशीवर आणि कोणीतरी समोर असतानाच करावे.

येथे कार्यालयांनी एका गोष्टीची दखल घ्यावी. बॅटरी डेडस्टॉक रजिस्टरात चढली की ती बाकाप्रमाणे कायमची वस्तू ठरते. मग ती फुगली तरी निर्लेखनाची मंजुरी येईपर्यंत कपाटातच राहते. निकामी लिथियम बॅटरी मंजुरीची वाट पाहू शकत नाही. तिची नोंद खर्ची पडणाऱ्या साहित्यात करता येईल काय, याचा विचार मुख्याध्यापक व लेखाधिकारी यांनी आरंभीच करावा.

फुगलेली बॅटरी आणि आग

फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. जाळू वा पुरू नये. ती वाळू असलेल्या कुंडीत, इमारतीबाहेर, पावसापासून सुरक्षित जागी ठेवावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये निकामी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन वा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे सोपविणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. त्या परत घेण्याची व्यवस्था करणे हे उत्पादकाचे कर्तव्य होय.

बॅटरीने पेट घेतलाच तर प्रथम मुलांना बाहेर न्यावे. धूर विषारी असतो. तो नाकातोंडात जाऊ देऊ नये. चार्जर चालू असेल तर शक्य असल्यास मुख्य बटण बंद करावे व १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. लहान बॅटरीवर कोरडी वाळू टाकल्यास ज्वाळा पसरत नाहीत. वीज तोडल्यावर, सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी मारल्यास बॅटरी थंड होते. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून तिच्यावर काही तास लक्ष ठेवावे.

या खबरदारीला मोठा खर्च लागत नाही. व्होल्ट मोजण्याचे एक लहान यंत्र, एक कुंडी, थोडी वाळू आणि एक नोंदवही एवढी सामग्री पुरते. येत्या सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लावण्यापूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या बॅटऱ्या मोजून, तपासून व निम्म्यावर आणून ठेवाव्यात. म्हणजे शाळा उघडेल तेव्हा मुलांची विमाने पुन्हा उडतील आणि कपाटही जागच्या जागी असेल.