४२.३४ मीटर आणि एक माफीचा साक्षीदार

ऑगस्ट १९४२च्या चळवळीत ज्या तरुणांची नावे पुढे चौकांना, शाळांना आणि उद्यानांना लाभली, त्यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. नंदुरबारच्या शिरीषकुमारापासून आष्टी-चिमूरच्या हुतात्म्यांपर्यंतचा तो इतिहास या वाचकांस नव्याने सांगण्याची जरूर नाही. माझे कुतूहल मात्र गेली कित्येक वर्षे त्या चळवळीतील एका यंत्राभोवती घोटाळत राहिले आहे. त्या यंत्राची सूत्रे तरुणांच्या हाती होती, ते ज्याने जुळविले त्यानेच शेवटी ते पोलिसांच्या हवाली करविले, आणि नरिमन प्रिंटर नावाच्या त्या इसमाला आपल्या स्मृतीत आजवर एकाच विशेषणाने ओळखले जाते: फितूर.

यंत्राची मूळ हकीकत थोडक्यात अशी. ९ ऑगस्टच्या पहाटे पुढारी गजाआड गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळल्या गेल्या आणि देशात कोठे काय घडत आहे हे कळण्याचा मार्ग उरला नाही, तेव्हा मुंबईतील काही तरुणांनी काँग्रेसचे गुप्त नभोवाणी केंद्र उभारण्याचा घाट घातला. उषा मेहता त्या वेळी २२ वर्षांच्या होत्या. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन कायद्याचा अभ्यास करीत होत्या आणि तो सोडून त्या यात उतरल्या होत्या. त्यांचे वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते, हे लक्षात घेतले म्हणजे आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्ध घोषणा देणाऱ्या या मुलीला घरातूनच किती विरोध सोसावा लागला असेल याची कल्पना येते. सोबतीला विठ्ठलदास जव्हेरी, चंद्रकांत जव्हेरी आणि बाबूभाई खाखर होते, यंत्रसामग्रीच्या बाजूने ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवानी होते, आणि भूमिगत राममनोहर लोहियांचे मार्गदर्शन होते. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर, ‘हिंदुस्थानात कोठून तरी’ बोलत असल्याचे सांगत, हे केंद्र प्रथम ऐकू आले.

केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रस्त्यावरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रस्त्यावरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेखवाडी, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला ही नुसती यादी वाचली तरी, भाड्याच्या खोल्यांतून ते अवजड धूड रात्री-अपरात्री चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या पोरांचा घाम दिसू लागतो. आरंभी दिवसातून दोनदा, हिंदी आणि इंग्रजीतून, प्रक्षेपण होई; पुढे ते संध्याकाळी साडेसात ते साडेआठ या तासापुरते उरले. चितगावावरील हवाई हल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी आणि चिमूर येथील प्रकार ही जी वृत्ते छापण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, ती या केंद्राने दिली. भाषणे आणि गीते असतच. परंतु सरकारचे पित्त खवळले ते बातम्यांमुळे.

या प्रकरणात एक विलक्षण गोष्ट आढळते. केंद्र चालविणाऱ्यांजवळ आपल्याच आवाजाचा दप्तरी पुरावा ठेवण्याची सवड नव्हती. तो ठेवला पोलिसांनी. मुंबई पोलिसांनी ही प्रक्षेपणे कान लावून ऐकली, शब्दशः उतरवून घेतली आणि फिर्यादीच्या पुराव्यादाखल जपून ठेवली. त्या दप्तराच्या आधारे उषा ठक्कर यांनी २०२१मध्ये या केंद्राचे इंग्रजी चरित्र सिद्ध केले, तेव्हा त्यातील भाषणे सामान्य वाचकास वाचावयास मिळाली. ती वाचताना मनावर ठसतो तो त्यांतील संयम. बेभान आरोळ्यांची अपेक्षा करणाऱ्याच्या पदरी येथे आकडे, गावांची नावे आणि कामाच्या सूचना पडतात.

आता प्रिंटर. विलायतेला जाऊन त्याने नभोवाणीचे तंत्र शिकून घेतले होते आणि भायखळ्याला तो तंत्रशिक्षणाची संस्था चालवीत होता. १९३९मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी नभोवाणीचे सर्व परवाने रद्द केले आणि प्रक्षेपणाची हौस बाळगणे हाच अपराध ठरला. अशा वेळी गुप्त केंद्रासाठी प्रक्षेपक जुळवून देणारा हा माणूस भित्रा होता असे मी तरी म्हणणार नाही. पुढे तो पकडला गेला आणि फुटला. १२ नोव्हेंबरला बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडला. उषाबेन तेथून निसटल्या, ध्वनिमुद्रणाच्या जागी जाऊन त्यांनी सहकाऱ्यांना सावध केले, आणि एवढे झाल्यावर सुरक्षित ठिकाणी जाण्याऐवजी चंद्रकांत जव्हेरींना सोबत घेऊन त्या संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी प्रक्षेपणाच्या जागी गेल्या. दार फोडून पोलीस आत शिरले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत होती, ती बंद करण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही.

खटल्यात प्रिंटर माफीचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. मे १९४३मध्ये निकाल लागला: बाबूभाईंना ५ वर्षे, उषाबेनना ४, चंद्रकांत जव्हेरींना १, विठ्ठलदास जव्हेरी आणि मोटवानी निर्दोष सुटले. तपासाच्या काळात उषाबेनना, साथीदारांची माहिती दिल्यास परदेशी शिक्षणाची सोय करून देऊ, असेही आमिष दाखविण्यात आले होते. त्यांनी मौन सोडले नाही. तरुणांना उच्चशिक्षणाची शिष्यवृत्ती देण्याचा हा प्रकार सरकारी इतिहासात बहुधा एकमेव असावा.

प्रिंटरची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या जबानीने माणसे तुरुंगात गेली. तथापि त्याला एका शब्दात निकालात काढताना आपण हे विसरतो की कारागिराच्या हाताशिवाय ते केंद्र एक वाक्यही बोलू शकले नसते. गौरव करताना आपल्याला वक्ता दिसतो, क्वचित निवेदिका दिसते. जोडणी करणारा दिसत नाही. अलीकडे, २०२४मध्ये, या कथेवर हिंदी चित्रपट निघाला तोही नायिकेचाच, आणि ते स्वाभाविकच आहे. पण आजच्या तरुणाला त्या पिढीकडून काही द्यावयाचे असेल तर ते यंत्र आणि ते वापरण्याची मोकळीक हेच होय, असे माझे मत आहे.

ती मोकळीक आज कितपत आहे? ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये दिला. २००२मध्ये शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणीचा दरवाजा उघडला, २००४मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, आणि २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि माणदेशात म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ ही आपल्याकडची उदाहरणे. हौशी नभोवाणीच्या परवान्यासाठी आता १२ वर्षांचे वय पुरे होते. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु २००६च्या धोरणानुसार परवान्यासाठी संस्था किमान ३ वर्षे नोंदलेली असावी लागते, म्हणजे उषा मेहतांच्या त्या टोळक्याचा अर्ज खिडकीवरूनच परत आला असता. आणि परवाना मिळालेल्या केंद्रालाही स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. परीक्षा, हवामान, वाहतूक, आपत्तीच्या सूचना चालतात. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावता येतात. गावातील शाळेत शिक्षक का नाही, हे वृत्त म्हणून सांगता येत नाही. दर वर्षी ९ ऑगस्टला ज्या तरुणांना आपण बातम्या दिल्याबद्दल अभिवादन करतो, त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या विद्यार्थ्यांना नेमके तेच करण्याची मनाई असावी, ही विसंगती मला असह्य वाटते. खोट्या बातम्यांचे भय पुढे केले जाते. प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवरून काय काय वाहते आहे हे पाहता, ते भय सुमारे १० किलोमीटरच्या टापूत ऐकू येणाऱ्या, पत्ता ठाऊक असलेल्या आणि परवान्याने बांधलेल्या केंद्राबाबतच का वाटावे?

उषा मेहता १९४६मध्ये येरवड्याहून सुटल्या. पुढे गांधीविचारावर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकविले आणि १९८०मध्ये निवृत्त झाल्या. २०००च्या ९ ऑगस्टला अंगात ताप असताना त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरील कार्यक्रमाला गेल्या आणि ११ ऑगस्टला निवर्तल्या. ज्या वाचकांचे विद्यापीठांच्या अधिसभांवर किंवा शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर वजन आहे, त्यांनी पुढील ऑगस्टच्या आत पुतळ्याच्या ठरावाऐवजी दोन ठराव मांडावेत: आपल्या आवारात नभोवाणी केंद्र आणि त्याला जोडून जोडणी-दुरुस्तीची कार्यशाळा काढण्याचा एक, आणि विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्याच्या बातम्या स्वतः लिहून वाचू द्याव्यात, अशी केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे मागणी करण्याचा दुसरा.