मागचा शॉकअप बदलण्याआधी

नांदगावात आर15, एनएस 200 किंवा आरसी 390 चालवणारं कोणी विचारतं, "गाडी मागून फार आपटते, भारी शॉकअप टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी मोजमापाची टेप काढा.

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. स्प्रिंग वजन तोलते. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगच्या उसळीला लगाम घालतं. त्या उसळीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावर सलग धक्के बसले की तेल तापून पातळ होतं, त्यात फेस होतो आणि लगाम सुटतो. हा फेस रोखण्यासाठी चांगल्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात. पल्सरच्या शॉकअपवरची 'नायट्रॉक्स'ची नळकांडी याचसाठी आली.

आता मोजणी. दोन मित्रांना गाडीची शेपूट वर उचलायला सांगा, चाक जमिनीवरून सुटू द्या. ॲक्सलपासून सरळ वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. समजा 520 मिमी आलं. गाडी चाकांवर उभी केल्यावर 510, आणि तुम्ही हेल्मेट-जॅकेटसह नेहमीच्या पोझिशनला बसल्यावर 475. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने 10 मिमी दबली, तुमच्यासह 45. चाकाची एकूण हालचाल 125 मिमीच्या आसपास असेल, तर स्वारासह 30 ते 40 मिमी दबणं योग्य. इथे स्प्रिंगवरची प्रीलोडची रिंग सी-पान्याने थोडी आवळायची आणि पुन्हा मोजायचं. बहुतेक वेळा डबलसीट जात असाल, तर दोघांनी बसून मोजा.

रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज सर्वदूर आहे आणि तो चुकीचा आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेत आणि वेढ्यांत असतो. रिंग फक्त गाडीची उंची बदलते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. स्वारासह 35 मिमी जमलं, पण नुसती गाडी अजिबात दबत नसेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. स्वारासह तेवढंच जमून नुसती गाडी 20 मिमी दबत असेल, तर ती कडक आहे. अशा वेळी खरा खर्च स्प्रिंगवर करावा. चुकीच्या स्प्रिंगचा महागडा ओहलिन्स शॉकअप हा वाया गेलेला पैसा आहे, हे माझं स्पष्ट मत.

तरीही नवा शॉकअप घ्यायचाच, तर वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर मूळ शॉकअपइतकंच हवं. लांब घेतला तर शेपूट वर जाते, पुढचा फोर्क उभा होतो आणि हँडल चंचल होतं. औट्रम घाटाच्या वळणांवर ते नको. विकणाऱ्याला स्वतःचं वजन खरं सांगा.

बसवताना चिमट्याखाली (स्विंगआर्मखाली) लावायचा पॅडॉक स्टँड उपयोगाचा नाही. शॉकअप निघाला की त्या स्टँडवर गाडीचा मागचा भाग खाली बसतो. गाडी फ्रेमला आधार देऊनच उचलावी लागते. शॉकअप निघालाच आहे तर चिमट्याचे बुश आणि आर15सारख्या गाडीत लिंकेजची बेअरिंग साफ करून ग्रीस भरा.

रिबाउंडचा, म्हणजे उसळीचा लगाम कमी-जास्त करणारा, स्क्रू असेल तर आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करा, मग क्लिक मोजत उघडा आणि आकडा वहीत लिहा. गतिरोधकानंतर शेपूट पुन्हापुन्हा डुलत असेल, तर एक-दोन क्लिक आवळा. फुटक्या डांबरावर गाडी खाली बसतच गेली आणि प्रत्येक धक्का आधीपेक्षा कडक लागला, तर उघडा. चाकाला परत यायला वेळ मिळत नाहीये. एका वेळी एकच बदल, आणि तो मनमाड रोडच्या त्याच तुकड्यावर तपासायचा.

गॅस भरलेला शॉकअप घरी उघडू नका, आतला दाब जीवघेणा ठरू शकतो. आणि बसवल्यानंतर पहिल्या काही दिवसांत दोन्ही बोल्ट टॉर्क रेंचने एकदा पुन्हा तपासून घ्या.