पुसलेली फाइल जाते कुठे?

विंडोज १० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नवी विंडोज ११ ज्यांवर चालू शकत नाही, असे पुष्कळ संगणक आता बदलले जातील. त्यांत शाळांचेही संगणक असतील. जडसंग्रह नोंदवहीतून नाव कमी झाले की असा संगणक भंगारात जातो, कोणाला तरी विकला जातो, किंवा गरजू संस्थेला भेट दिला जातो. त्याआधी कोणीतरी सगळ्या फाइली निवडून 'डिलीट'ची कळ दाबतो, 'रिसायकल बिन' रिकामी करतो, आणि काम झाले असे समजतो.

त्या फाइलींत काय काय असते ते आठवून पाहा. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्यांचे क्रमांक, जातीचे दाखले, छायाचित्रे, पालकांचे दूरध्वनी. कळ दाबल्यावर हे सारे खरोखर नाहीसे होते का?

एक फाइल, दोन जागा

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तके कपाटात असतात आणि कोणते पुस्तक कुठे आहे हे सांगणारी कार्डे एका पेटीत असतात. समजा, एखादे कार्ड आपण पेटीतून काढून फाडून टाकले. पेटीत शोधणाऱ्याला ते पुस्तक ग्रंथालयात नाही असे वाटेल. पण पुस्तक कपाटात जिथल्या तिथे असेल. कपाट धुंडाळणाऱ्याला ते सापडेलच.

संगणकाच्या डिस्कवरही अशीच व्यवस्था असते. डिस्क लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. विंडोजमध्ये हा कप्पा साधारणपणे ४,०९६ बाइटांचा असतो. फाइलचा मजकूर अशा कप्प्यांत भरलेला असतो, आणि फाइलचे नाव व तिचे कप्पे कोणते याची नोंद वेगळ्या जागी असते. फाइल पुसताना संगणक फक्त नोंदीला हात लावतो. पेन ड्राइव्हवर आढळणाऱ्या 'फॅट' पद्धतीत तर नोंदीतील नावाच्या पहिल्या बाइटच्या जागी २२९ ही संख्या लिहिली जाते. 'ही नोंद रद्द' असा तिचा अर्थ. म्हणूनच १९९१ साली आलेल्या डॉस ५ मधील पुसलेली फाइल परत आणणारी आज्ञा वापरणाऱ्याला नावाचे पहिले अक्षर विचारीत असे. बाकीची अक्षरे तिला दिसतच असत!

कप्पे मात्र फक्त 'रिकामे' म्हणून जाहीर होतात. त्यांतील मजकूर दुसरी फाइल तिथे लिहिली जाईपर्यंत तसाच राहतो. ही वेळ उद्या येईल, किंवा कित्येक वर्षे येणारही नाही.

अशी अर्धवट पद्धत का ठेवली असेल? वेळ वाचवण्यासाठी. १ गिगाबाइटची चित्रफीत पेन ड्राइव्हवर उतरवायला किती वेळ लागतो आणि ती पुसायला किती, हे विद्यार्थ्यांना घड्याळ लावून मोजायला सांगा. संगणक प्रत्येक कप्पा खरोखर साफ करीत असता, तर पुसण्यालाही लिहिण्याइतकाच वेळ लागला असता.

१५८ जुन्या डिस्क

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सिम्सन गारफिंकेल व अभी शेलत यांनी २००० ते २००२ या काळात बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ वाचता आल्या, आणि नीट साफ केलेल्या निघाल्या फक्त १२. उरलेल्यांत खासगी पत्रे, वैद्यकीय नोंदी, क्रेडिट कार्डांचे क्रमांक अशी माहिती सापडली. एक डिस्क तर पैसे काढण्याच्या यंत्रातली होती आणि तिच्यात व्यवहारांच्या नोंदी होत्या. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही डिस्क 'फॉरमॅट' केलेल्या होत्या, पण झटपट फॉरमॅटमध्येही फक्त नवी कोरी कार्डपेटी ठेवली जाते. कपाट तसेच राहते.

संगणक उघडतानाचा संकेतशब्द इथे उपयोगी पडेल, असेही नाही. तो संकेतशब्द विंडोज विचारते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर विचारणारे कोणी उरत नाही.

वर्गात करून पाहा

एक जुना, कामाचे काही नसलेला पेन ड्राइव्ह घ्या. त्यावर झाडाफुलांची दहा छायाचित्रे उतरवा व पुसून टाका. आता 'फोटोरेक' ही मोफत मिळणारी आज्ञावली चालवा आणि सापडलेल्या फाइली संगणकावर साठवा. बहुतेक चित्रे परत मिळतील, पण त्यांची मूळ नावे नसतील. याचे कारण विद्यार्थ्यांना विचारा. ही आज्ञावली कार्डपेटी पाहतच नाही. ती एकेक कप्पा तपासून ओळखीच्या खुणा शोधते. उदाहरणार्थ, जेपेग चित्राचे पहिले तीन बाइट नेहमी २५५, २१६, २५५ असे असतात.

आता त्याच पेन ड्राइव्हला 'झटपट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा आणि पुन्हा शोधा. विंडोज व्हिस्टा व त्यानंतरच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट करताना सर्वत्र शून्ये लिहिली जातात. या वेळी हाती काही लागणार नाही.

खरेच पुसायचे असेल तर

फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कसाठी उपाय हाच, म्हणजे सर्व कप्प्यांवर दुसरे काहीतरी लिहिणे. पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधावरून ३५ वेळा लिहावे लागते असा समज पसरला. पण ती आकडेवारी त्या वेळच्या निरनिराळ्या जुन्या डिस्कसाठी होती. आजच्या डिस्कवर एकदा लिहिणे पुरते. वेळेचा हिशोबही करू. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने ५०० गिगाबाइट लिहायला ५,००० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे लागतात. शाळा सुटताना लावून दिले की काम होते. विंडोज १० किंवा ११ 'रीसेट' करताना सर्व काही काढून टाकण्याबरोबर 'क्लीन डेटा' हा पर्यायही निवडावा.

नव्या संगणकांत फिरती चकती नसते. तिथे 'एसएसडी' असते, आणि तिचे वागणे निराळे असते. तिच्या पेशी वारंवार लिहिल्याने झिजतात, म्हणून तिच्यातील नियंत्रक नवा मजकूर मुद्दाम दुसऱ्या पेशींत टाकतो. आपण जुन्यावर लिहिले असे समजतो, पण जुने कोपऱ्यात शिल्लक राहू शकते. यावरचा चांगला उपाय पहिल्या दिवसापासून करायचा असतो. तो म्हणजे संपूर्ण डिस्क सांकेतिक रूपात ठेवणे. विंडोजच्या काही आवृत्त्यांत त्यासाठी 'बिटलॉकर' असते. 'व्हेराक्रिप्ट' मोफत मिळते. १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता ३४ वर ३७ शून्ये इतक्या असतात. किल्ली नष्ट केली की डिस्कवर उरतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. अर्थात किल्ली हरवली तर आपल्यालाही तेच दिसेल. म्हणून तिची प्रत कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी.

नाण्याची दुसरी बाजू

निकालपत्रक चुकून पुसले गेले तर हीच अर्धवट पद्धत मदतीला येते. मात्र त्या क्षणी संगणक वापरणे थांबवले पाहिजे. प्रत्येक नवी फाइल, अगदी शोधणारी आज्ञावली उतरवून घेणेसुद्धा, हरवलेल्या मजकुरावर लिहिले जाण्याचा धोका वाढवते. एसएसडीवर ही आशा फार थोडी. विंडोज ७ पासून संगणक 'हे कप्पे आता नकोत' असे एसएसडीला कळवतो आणि ती ते आपल्या सवडीने साफ करते. म्हणजे नको ते राहण्याची आणि हवे ते जाण्याची भीती एकाच यंत्रात! म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क एरवी संगणकाला जोडून ठेवू नये, आणि प्रत उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

संगणक निर्लेखित करताना क्रम असा ठेवू. आवश्यक अभिलेखांची प्रत घ्यावी, ती उघडून तपासावी, डिस्क पूर्ण साफ करावी, शोधणारी आज्ञावली चालवून खात्री करावी, आणि मगच तो द्यावा. बंद पडलेली डिस्क काढून घेऊन फोडावी. या सर्वांची तारखेसह नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी.

संकेतशब्द फुटला तर बदलता येतो. मुलाची जन्मतारीख आणि आधार क्रमांक बदलता येत नाहीत. ते त्याने शाळेवर विश्वासून दिलेले असतात आणि जन्मभर त्याच्यासोबत राहणार असतात. त्यांच्यासाठी एका संगणकामागे दीड तास देणे आपल्याला जड जाऊ नये.